निरोप बाकी

विमानतळावर जायचं कसं, हा प्रश्न पूर्वी आपल्याकडे प्रवासाचा नव्हता, मानाचा होता. जाणारा एक आणि रस्ता सांगणारे सात. एक काका सांगणार पुलावरून जा, दुसरे सांगणार पुलावरून गेलास तर विमान विसर. ज्याला जायचं तो बॅगेवर बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. एवढं होऊन शेवटी त्याला पोहोचवायला अख्खं घर निघायचं, ते वेगळंच.

‘सांगड’ आली आणि ही भांडणं मिटली. मेट्रो, बस, खाडीतल्या बोटी, स्थानकांची दारं, सरकते जिने, सगळं एका यंत्राच्या हाती गेलं. आपण फक्त कुठं जायचं ते सांगायचं. सगळ्यांना एकच जवळची वाट सांगितली की तीच वाट तुंबते, म्हणून सांगड प्रत्येकाला वेगळी वाट देई, आणि ज्याला जी वाट दिली त्याला त्याच वाटेची दारं उघडत. सुरुवातीला लोक कुरकुरले. मग वेळेवर पोहोचायला लागले तसे गप्प झाले.

फक्त खाडीपलीकडच्या नव्या विमानतळाशी तिचं गणित जुळेना. गाड्या मोकळ्या यायच्या आणि स्थानक मात्र तुंबलेलं असायचं. इंजिनियरांनी छतावरच्या कॅमेऱ्यांतून बघितलं तेव्हा कळलं, की यातली अर्धी गर्दी कुठंच जात नाहीये. ती एकमेकांना शोधतेय. आत्या एका दारात, मामा दुसऱ्या दारात, डबा तिसऱ्याच माणसाकडे, आणि जो तो फोनवर विचारतोय, तू नक्की कुठं उभा आहेस? बाहेरून आणलेल्या कुठल्याही आराखड्यात ही गर्दी धरलेली नव्हती.

मग त्यांनी सांगडीला माणसं जुळवायला शिकवलं. कोण कुणाचं, हे लोकांना विचारून उपयोग नव्हता, लोक खोटं सांगतात. पाय खोटं सांगत नाहीत. स्थानकांच्या फरशीखाली दाब मोजणारी जाळी होती, आणि प्रत्येकाची चाल अंगठ्याच्या ठशाइतकी वेगळी असते. कोणाचे पाय कोणासाठी थांबतात, कोण कोणासाठी वाट वाकडी करून येतं, हे सांगड रोज मोजत राहिली. त्यातून दोन माणसांमधला एक आकडा निघायचा. इंजिनियर त्याला ‘ओढ’ म्हणायचे. एखादं माणूस विमानतळाकडे निघालं की ज्यांची त्याच्याशी ओढ मोठी, त्यांना सांगड आपण होऊन कळवी. मग एकाला जरा रेंगाळवून, दुसऱ्याला जरा घाईनं आणून सगळ्यांची वाटेत एका जागी गाठ घालून देई.

पुढचं ती स्वतःच शिकली. भेटीची जागा घरातलं सगळ्यात थोरलं माणूस जिथं टेकलं असेल तिथं ठेवायची, कारण बाकीचे त्याच्याकडेच जातात. आणि धाकट्यानं वाकून थोरल्याच्या पायांना हात लावला की निरोप झाला असं धरायचं. तोवर धाकट्याची पुढची दारं उघडायची नाहीत. आधी उघडली तर आपली माणसं दारात पाय अडकवून उभी राहतात आणि गाडी खोळंबते, हा तिचा अनुभव होता.

लोक भारावून गेले. यंत्राला आपले संस्कार कळले म्हणून सभागृहांत टाळ्या पडल्या, इंजिनियरांना शाली मिळाल्या. ओढीच्या आकड्याला फक्त मोठेपणा आहे, अधिक-उणे असं चिन्ह नाही, ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आली असली तरी शाल अंगावर असताना असं काही बोलवत नाही.

*

बदलापूरच्या मेट्रो स्थानकात केतकी नवले फोनवर सांगडीनं दिलेली वाट पुन्हा पुन्हा बघत होती. दुपारचं मस्कतचं विमान होतं. तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली होती आणि हजर व्हायची मुदत संपत आली होती. पायाशी बॅग, बॅगेवर तिची मुलगी शिवन्या, जिला सगळे ठकू म्हणत. केतकीच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. नवऱ्यानं ती दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं.

“आई, हे बरोबर वाटत नाही,” ती म्हणाली. “विमानतळाला सरळ गाडी जातेय. मग सर्वोत्तम वाट म्हणून शीळला गाडी बदलायला का सांगतेय ही?”

“सरळ गाडी घे की मग,” सासूबाई म्हणाल्या.

उज्ज्वला नवले साठी ओलांडलेल्या, अंगानं भरलेल्या बाई. मूळच्या संगमनेरकडच्या. नवरा गेल्यावर बदलापुरात पिठाची गिरणी चालवून त्यांनी मुलगा वाढवला होता. गव्हाचं पोतं त्या अजूनही कोणाला हाक न मारता उचलत. केतकीचा आणि ठकूचा पासपोर्ट त्यांनीच गिरणीत बाजरीच्या डब्यात लपवून ठेवला होता, कारण ऋतुराज तो जाळायला निघाला होता. ऋतुराज म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा.

त्या सुनेच्या बाजूला कशा आल्या, हे त्यांना नातेवाइकांनी पुष्कळदा विचारलं. त्या उत्तर देत नसत. केतकी माहेरी निघून जाईल या संशयावरून ऋतुराजनं एका सकाळी ठकूला गच्चीच्या कठड्याबाहेर एका हातानं धरलं होतं आणि केतकीला, बोल, असं सांगत होता. ठकू रडतसुद्धा नव्हती. उज्ज्वलाबाई धुणं वाळत घालायला वर गेल्या होत्या. त्यांनी ते बघितलं, पोरीला आत ओढलं, आणि त्या दिवसापासून त्यांना आपल्या मुलाची भीती वाटायला लागली. राग परवडला असता.

केतकीनं सरळ गाडी निवडली. दार उघडलं नाही. ‘ही गाडी भरली आहे. तुमच्यासाठी शीळमार्गे जागा ठेवली आहे.’ आणि त्याखाली, गुलाबी अक्षरांत: ‘आनंदाची गोष्ट! ऋतुराज निरोपाला येत आहेत. भेट: शीळ जोडस्थानक.’

केतकी खाली बसली.

“मी त्याला काढून टाकलं होतं,” ती म्हणाली. “आमच्या कुटुंबातून वगळा म्हणून मागणी केली होती. त्याला दोघांची संमती लागते म्हणे.”

“पण त्याला कळलं कसं तू निघालीस ते?”

“हिनंच सांगितलं असणार. तुमचं माणूस प्रवासाला निघालंय, निरोपाला येताय का, असं विचारते ती. तो हो म्हणाला असेल.”

घर सोडल्यापासून केतकी महिलांच्या वसतिगृहात राहत होती आणि ऋतुराज रोज तिच्या मागावर होता. ती कामावर निघाली की समोरच्या फलाटावर तो. ठकूच्या शाळेपाशी तो. कामाच्या जागा सोडून, गाड्या बदलून, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला तो तिच्यासाठी येत होता. सांगडीच्या हिशेबात अख्ख्या शहरात एवढी वाट वाकडी करणारा नवरा दुसरा नव्हता. त्या दोघांची ओढ नवपरिणीत जोडप्यांपेक्षाही मोठी निघत होती.

“चौकीत जाऊ,” केतकी म्हणाली, पण तिचं तिलाच पटलं नाही. चौकीत समजूत घालतात आणि परत पाठवतात. दोनदा झालं होतं. विमानतळाच्या हद्दीत खासगी गाड्यांना बंदी होती. आणि उद्या निघाली तरी उद्याही हेच यंत्र होतं.

“उठ,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांनी बॅग उचलली. “गाडीत बसून विचार करू. इथं बसून तो जवळच येतोय.”

*

गाडीत उज्ज्वलाबाई खिडकीशी बसल्या. त्यांना धाकट्या बहिणीच्या मुलाचं जाणं आठवत होतं. मागच्या वर्षी तो जर्मनीला गेला तेव्हा त्यांचे गुडघे दुखायला लागले म्हणून त्या मधल्याच एका स्थानकात बाकावर बसल्या होत्या. सांगडीनं सगळी वरात तिथं आणली होती. पोरगा पाया पडला आणि त्याला लगेच समोर गाडी लागली. मागं राहिलेला त्याचा चुलत भाऊ मात्र पाया पडायचा विसरला, तर त्याला पुढच्या कुठल्याच दारानं सोडलं नाही. परत येऊन पाया पडला तेव्हा सुटला. सगळे केवढे हसले होते.

“केतकी,” त्या म्हणाल्या, “शीळच्या आधी कुठलं स्टेशन?”

“वाकळण.”

“तिथं उतरायचं. मी बसणार. तू पाया पडायचं आणि पुढं जायचं.”

“आणि तो?”

“तो माझ्याकडे येईल. मी थोरली आहे. सांगडीला जागा बदलावीच लागेल.”

केतकीला सगळं कळलं आणि तिनं मान हलवली. “नाही. आई, तो तुम्हाला मारून टाकेल.”

“मारेल. मारून टाकेल असं नाही,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःला तेवढी खात्री नव्हती, पण सुनेला खात्री हवी होती. “माझ्या पाया पडल्याशिवाय त्याला तुझ्याकडचं दार उघडणार नाही. आणि मी काही पडू देत नाही.”

वाकळणला त्या उतरल्या आणि फलाटावरच्या पहिल्या बाकावर बसल्या. वरच्या पाटीवर अक्षरं हलली. ‘तुमच्या सोयीसाठी भेटीची जागा बदलली आहे. ऋतुराज शीळहून परत येत आहेत.’ तो शीळला पोहोचलाही होता. तिथं उतरल्या असत्या तर समोरच उभा असता.

केतकीला धड वाकता येत नव्हतं. बरगडी अजून भरून आली नव्हती. तरी ती वाकली, दोन्ही हातांनी सासूच्या पायांना स्पर्श केला, आणि तशीच थांबली. ठकूनंही बघून बघून केलं.

“येते म्हण,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

“येते,” केतकी म्हणाली. परत यायचं नव्हतं हे दोघींना ठाऊक होतं.

पाटीवर आलं: ‘केतकी, शिवन्या: निरोप झाला. शुभ प्रवास.’ फलाटाचं दार उघडलं, विमानतळाची गाडी लागली होती. तिकीट-पासपोर्टाची तपासणी त्या गाडीतच होऊन जाई. ठकूनं काचेतून हात हलवला. उज्ज्वलाबाईंनी हात वर केला तो गाडी दिसेनाशी झाल्यावरही खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

*

ऋतुराज आला तो हसतच. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम, त्यामुळे खांद्याला हत्यारांची पिशवी. कारागिराचा परवाना असल्यामुळे ती पिशवी कुठल्याही दारात अडत नसे. तो देखणा होता. बोलायला गोड होता. शेजारच्या बायकांना अजूनही तोच बिचारा वाटायचा.

“कुठंय ती?”

“गेली,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

त्यानं वर पाटीकडे बघितलं. त्याच्या नावापुढं ‘निरोप बाकी’ असं होतं. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, लहानपणापासून हुशारच होता. बाहेर पडून रस्त्यानं गेलं तर विमान डोक्यावरून निघून जाईल, हेही त्याला कळत होतं. तो वाकला.

उज्ज्वलाबाईंनी दोन्ही पाय वर घेतले आणि बाकावर मांडी घातली. साडी गुडघ्यांवरून घट्ट ओढून घेतली.

“आई, पाया पडतोय.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“मला नको तुझा नमस्कार.”

आजूबाजूचे लोक बघायला लागले. पाटीवर ‘आई-मुलाची भेट सुरू आहे. कृपया जागा द्यावी’ असं झळकत होतं आणि लोक समंजसपणे जागा देत होते. एक गृहस्थ जाता जाता म्हणाले, “आजी, लेकरू वाकलंय, आशीर्वाद द्या की.” आपल्याकडे दुसऱ्याच्या आईनं काय करावं हे सांगायला कोणालाच संकोच वाटत नाही.

ऋतुराज शेजारी बसला. त्यानं आईचा हात हातात घेतला. मी बदललोय, म्हणाला. डॉक्टरकडे जातोय, पिणं सोडलंय. पोरगी माझी आहे, तिला न विचारता नेतात का, तूच सांग. उज्ज्वलाबाईंनी ऐकून घेतलं. जेवलास का, विचारलं. कामावर कोण असतं, खोलीचं भाडं कोण भरतं, असं मुद्दाम लांबण लावत राहिल्या. तो उत्तरं देत होता तोवर त्यांना क्षणभर वाटून गेलं, की हा आपला ऋतू आहे, आणि पाय खाली सोडायला हरकत नाही. त्या विचाराचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा फोन उजळला. ‘केतकी, शिवन्या: विमानतळ स्थानक.’ त्यानं ते वाचलं.

पहिला तडाखा कानावर बसला. त्यांचं डोकं मागच्या खांबावर आपटलं आणि कानात शिट्टी वाजायला लागली. त्यानं त्यांचा अंबाडा मुठीत धरून त्यांना बाकावरून खाली ओढलं. त्या गुडघ्यांवर आल्या. तो लगेच त्यांच्या पायांसाठी खाली वाकला, आणि उज्ज्वलाबाईंनी पोटच्या पोराच्या तोंडावर टाच हाणली. त्याचा ओठ फाटला, दात लालभडक झाले.

“पाय दे,” तो म्हणाला.

त्यानं पिशवीतून पाना काढला आणि त्यांच्या नडगीवर मारला. हाड वाजलेलं त्यांना ऐकू आलं. दुसरा घाव त्यांनी हातावर घेतला. तो पुन्हा वाकत होता, दोन्ही हात पुढं करून. वाकणाऱ्या माणसाला थांबवायचा एकच उपाय त्यांना त्या क्षणी सुचला. त्यांनी त्याच्या काखांतून हात घातले, त्याला उभा केला आणि छातीशी आवळला.

वरच्या कॅमेऱ्याला दिसली ती मिठी. दोन माणसं एकमेकांना बिलगलेली, दोघांची छाती धडधडतेय. सांगडीनं शेजारची गाडीसुद्धा थोडी पुढं थांबवली, त्यांना धक्का लागू नये म्हणून.

“सोड,” तो त्यांच्या कानाशी म्हणत होता. “सोड, आई. सोड, नाहीतर बघ.” तो त्यांच्या पाठीत गुद्दे मारत होता. त्यांनी बोटांत बोटं अडकवली होती आणि डोळे मिटले होते. मग त्याचा एक हात पिशवीकडे गेला. पेचकस लांब होता, लिफ्टच्या पॅनेलसाठीचा. तो त्यांच्या कमरेच्या वर शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. उज्ज्वलाबाईंच्या तोंडून आवाज निघाला तो त्यांनी त्याच्याच खांद्यात दाबला.

फलाटावर काम करणारी रुबिना नावाची मुलगी होती, हिरव्या कोटातली. फरशीवरचे लाल थेंब तिला दिसले. ते कुठून येताहेत हे बघायला ती वाकली आणि ओरडली.

मग मात्र माणसं धावली. इतका वेळ समंजसपणे जागा देणारी हीच माणसं होती, आणि आपल्याला फसवल्यासारखं त्यांना वाटत असावं, कारण ती फार जोरात मारत होती. त्यांनी ऋतुराजला आईपासून ओढून काढलं. बुटांनी मारलं, बॅगांनी मारलं. एका बाईंनी स्टीलचा डबा त्याच्या डोक्यात घातला, त्यातली उसळ त्याच्या चेहऱ्यावर ओघळली. मघाशी आशीर्वाद द्या म्हणणाऱ्या गृहस्थांनी त्याचाच पाना उचलून त्याच्या जबड्यावर मारला. एकजण त्याच्या हातावर उभा राहिला. तो हात कोपरातून जायचा नाही तिकडे गेला.

उज्ज्वलाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, साडीचा बोळा कमरेशी दाबून. त्यांच्या मुलाला मारत होते आणि त्यांना बरं वाटत होतं. आईला असं वाटू नये म्हणतात. त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते थांबवलं नाही.

ऋतुराज आडवा झाला. हालेना. आणि वरच्या पाटीचा रंग बदलला.

‘ऋतुराज नवले कोसळले आहेत. कुटुंबीयांना बोलावत आहोत.’

“हे काय?” उज्ज्वलाबाईंनी विचारलं. रुबिना त्यांना आडवं करायला बघत होती. “कोणाला बोलावतेय ती?”

“घरच्यांना, मावशी. माणूस फरशीवर पडलं की चेंगराचेंगरी तिथूनच सुरू होते ना. म्हणून पडलं की लगेच जवळच्यांना बोलावणं जातं. परकी माणसं थांबत नाहीत, घरची येतात. तुम्ही आडव्या व्हा आधी.”

“विमानात बसलेल्यालापण?”

“दार बंद झालं असलं तरी धरून ठेवतात. उतरवून आणतात. पुढच्या विमानात जागा देतात, फुकट.” रुबिनाच्या आवाजात जरा अभिमान होता. “थोडा वेळ खात्री करते, मग दार धरते.”

उज्ज्वलाबाईंनी फोन बघितला. ‘केतकी, शिवन्या: आसनस्थ.’ त्याच्याखाली एक वर्तुळ फिरत होतं. ‘कौटुंबिक आणीबाणीची खात्री करत आहोत.’

त्यांनी रुबिनाचा हात झटकला आणि त्या लंगडत गर्दीत शिरल्या.

“बाजूला व्हा. उचला त्याला.”

लोक थबकले. पाना हातात असलेले गृहस्थ म्हणाले, “आजी, यानं तुम्हाला भोसकलंय.”

“माझा मुलगा आहे. उभा करा म्हणते ना.”

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की दोघांनी वाकून त्याला काखेत धरून उठवला. पाटी तशीच राहिली. रुबिनाच्या ध्यानात आलं. “दोघांनी धरलं तर ती त्याला आजारीच समजते,” ती म्हणाली. “त्याच्या पायांनी उभा पाहिजे. नाहीतर घरच्या माणसाजवळ.”

“माझ्याकडे द्या,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

त्यांनी मुलाला पुन्हा छातीशी घेतला. त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं. त्याचं वजन पोत्यापेक्षा जास्त होतं आणि पोत्याला धरायला कोपरे असतात. फुटलेल्या नडगीवर भार गेला तेव्हा त्यांना डोळ्यांसमोर पिवळं दिसलं. त्या खांबाला पाठ लावून रेटून उभ्या राहिल्या. पाटीवरची अक्षरं चाचपडली. मग आलं: ‘ऋतुराज सावरले आहेत. बोलावणं रद्द. भेट सुरू आहे.’

गर्दी काही न समजून बघत होती. एकट्या रुबिनाला काय ते समजलं असावं. ती पुढं झाली नाही, कोणाला होऊही दिलं नाही.

“आई,” ऋतुराज म्हणाला. जबडा मोडला होता, शब्द धड येत नव्हते. “आई, दुखतंय.”

“हो रे राजा,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ उभा राहा.”

त्यांना त्याची दया आली. खरोखरची, पोटातून आलेली. याला घेऊन आत्ता घरी जावं, हळद लावावी, निजवावं असं वाटलं. त्यांनी त्याच्या केसांतली उसळ हातानं झाडली. त्यांच्या कमरेतून रक्त वाहत पायांपर्यंत येत होतं, आणि ते कोणाचं कुठलं ते आता वेगळं काढता आलं नसतं.

त्यानं एक डोळा उघडला आणि पाटी वाचली. मग फोन वाचला, तो त्यांच्या मुठीत उजळत होता. ‘विमानाची दारं बंद. धावपट्टीकडे.’

आणि मग तो सैल पडला. त्यानं अंगातला सगळा जीव काढून घेतल्यासारखे गुडघे सोडले. आधी त्यांना वाटलं शुद्ध गेली. नंतर कळलं, हा मुद्दाम पडतोय. पडला की ती विमानातून उतरणार, हे त्याला पाटीनं शिकवलं होतं. मोडक्या जबड्यातून तो हसायला बघत होता.

“बोलावतो तिला,” तो म्हणाला. “थांब.”

उज्ज्वलाबाई खांबाच्या आधारानं खाली सरकल्या, हातभर. पाटी लुकलुकली. त्यांनी त्याचा पट्टा मागून पकडला, चांगला पाय फरशीत रोवला आणि त्याला वर ओढला. कमरेत काहीतरी फाटत गेलं. तो पुन्हा सैल पडला, त्यांनी पुन्हा ओढला. त्यानं धड उरलेल्या हातानं त्यांच्या जखमेवर बोटं दाबली, आत घातली. त्यांनी त्याच्या खांद्याचा चावा घेतला आणि दात तसेच रुतवून ठेवले, म्हणजे ओरडायला तोंड मोकळं राहणार नाही. रुबिना दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती. तेवढा वेळ सांगड मंद आवाजात प्रवाशांना सांगत राहिली, की एका भेटीसाठी गाडी थोडी थांबवली आहे, सहकार्याबद्दल आभार.

फोन थरथरला. उज्ज्वलाबाईंना अक्षरं नीट दिसेनात. त्यांनी तो रुबिनाकडे धरला.

“वाच.”

“केतकी, शिवन्या,” रुबिनानं वाचलं. “उड्डाण झालं. मावशी, गेलं विमान. आता नाही परत येत.”

“नक्की?”

“नक्की.”

उज्ज्वलाबाईंनी दात सोडवले. ऋतुराजनंही ऐकलं होतं. त्याचं हसू गेलं. त्याचे गुडघे पुन्हा वाकायला लागले, पण या वेळी ते तो वाकवत नव्हता. आपले आपणच वाकत होते. त्याचा हात त्यांच्या पाठीवर पदर शोधत फिरला आणि त्यानं तो मुठीत धरला.

“आई,” तो म्हणाला, “आता धर. पडतोय मी.”

उज्ज्वलाबाईंनी त्याच्या पट्ट्यात अडकवलेली आपली बोटं एकेक करून सोडवली, आणि हात काढून घेतले.